वेबअसेंब्लीचं छोटं ॲप: शून्य रुपयांत कुठवर जाता येतं आणि पैसे कुठे गळतात

आधी हे तपासा: तुमच्या कामाला वेबअसेंब्ली (थोडक्यात वॅझम, ब्राउझरमध्ये जड काम वेगाने चालवणारा कोड) लागते का? कर्जाच्या हप्त्याचं गणित, नावनोंदणीचा फॉर्म, क्लासचं वेळापत्रक, खानावळीचा मेनू यांपैकी काही करायचं असेल तर साधं जावास्क्रिप्ट पुरतं. तिथे वेबअसेंब्ली घातली तर फाइल मोठी होते, काम वाढतं आणि वापरणाऱ्याला काडीचा फरक जाणवत नाही. फोटो, आवाज, व्हिडिओ, पीडीएफ, नकाशे किंवा मोठ्या आकडेमोडीचं जड काम ब्राउझरमध्येच उरकायचं असेल, तरच पुढे वाचा.

उदाहरण धरू फोटो लहान करणाऱ्या पानाचं. बँक भरतीचा आयबीपीएसचा अर्ज भरलेल्याला हे दुखणं सांगायला नको: फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. मुलं घाईत कुठल्यातरी अनोळखी साइटवर स्वतःचा फोटो आणि सही चढवून मोकळी होतात. तुमचं पान हेच काम वापरणाऱ्याच्या फोनवर करेल आणि फोटो बाहेर जाणारच नाही. खर्चाच्या बाजूनेही हे सोयीचं आहे. सगळं काम ब्राउझर करतो, म्हणजे तुम्हाला सर्व्हर लागत नाही आणि बिलाचं मोठं कलम तिथेच गळून पडतं.

काय काय लागेल

४ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो, ८ असेल तर बरं. भाषा रस्ट घ्या. सोबत वॅझम-पॅक हे साधन घ्या. सगळं फुकट आहे. रस्टचं अधिकृत पुस्तकही इंटरनेटवर पूर्ण आणि मोफत वाचता येतं, तेव्हा कोर्सची फी भरण्याआधी त्याची पहिली काही प्रकरणं वाचून बघा.

विंडोजवर एक अडचण आहे. रस्टसोबत मायक्रोसॉफ्टची सी-प्लस-प्लस बिल्ड टूल्स उतरवावी लागतात आणि ती काही जीबी खातात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करायला बसलात तर दिवसाचा डेटा इथेच संपेल. घरचं ब्रॉडबँड नसेल किंवा लॅपटॉप जुना असेल, तर गिटहब कोडस्पेसेस, म्हणजे ब्राउझरमधून चालणारं ऑनलाइन मशीन, वापरा. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट मिळतात, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर ६० तास. काम झालं की मशीन स्वतः बंद करा. नुसता टॅब मिटलात तर ते साधारण अर्धा तास चालूच राहतं आणि तासांतून वजा होत राहतं.

कागदपत्रं जवळजवळ नाहीतच. गिटहबसाठी ईमेल आणि फोनवर ऑथेंटिकेटर ॲप, कारण कोड चढवणाऱ्यांना गिटहब दुहेरी पडताळणी मागतं. त्या वेळी मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर उतरवा. फोन हरवला आणि कोड नसतील तर खातं परत मिळेलच असं नाही. विद्यार्थी असाल तर कॉलेजचं ओळखपत्र हाताशी ठेवा. गिटहबच्या विद्यार्थी पॅकमध्ये कामाच्या बऱ्याच गोष्टी फुकट मिळतात.

बांधणी

प्रोग्रामिंग थोडंफार येत असेल तर इन्स्टॉलेशनला एक संध्याकाळ आणि पहिलं चालतं पान उभं करायला दोन शनिवार-रविवार धरा. रस्ट अगदी नवी असेल तर महिना. क्रम असा: रस्ट उतरवा, वॅझम टार्गेट जोडा, लायब्ररी प्रकारचा प्रकल्प बनवा, फोटोसाठी इमेज हे क्रेट (रस्टची लायब्ररी) घ्या, वॅझम-पॅकला वेब टार्गेट सांगून बिल्ड करा, मग पंधरा-वीस ओळींच्या जावास्क्रिप्टने ते पानाला जोडा. ही जोडणी टळत नाही, कारण वेबअसेंब्ली पानावरच्या बटणांना थेट हात लावू शकत नाही.

पुढच्या काही जागी लोक हमखास अडकतात.

इमेज क्रेटचे डीफॉल्ट पर्याय बंद करा आणि फक्त जेपेग व पीएनजी चालू ठेवा. नाहीतर न लागणारे डझनभर फॉरमॅट फाइलमध्ये बसतील. बिल्ड रिलीजमध्येच करा. डीबग बिल्ड कितीतरी जाड असते. वर फाइल आणखी लहान करणारं वॅझम-ऑप्ट चालवा.

एचटीएमएल फाइलवर डबल-क्लिक करून पान चालणार नाही, ब्राउझर वॅझम फाइल उचलूच देत नाही. पायथनसोबत येणारा छोटा सर्व्हर सुरू करा आणि त्यातून उघडा.

फोनच्या कॅमेऱ्याने उभा काढलेला फोटो तुमच्या पानावर आडवा दिसेल. तो फिरवण्याची सूचना फोटोच्या आतल्या नोंदीत असते. ती वाचून फोटो फिरवण्याचं काम तुमच्या कोडचं. आयफोनचे एचईआयसी फोटो इमेज क्रेट उघडत नाही, त्यामुळे फाइल निवडायच्या बटणावर जेपेग आणि पीएनजी एवढेच प्रकार लिहा.

मेमरीचा हिशेब कुणी आधी सांगत नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो फोनमध्ये ३-४ एमबीचा दिसतो. उघडल्यावर तो ४८ एमबी जागा घेतो. ५० मेगापिक्सेलचा असेल तर २०० एमबी. वर वेबअसेंब्लीची मेमरी एकदा वाढली की पान बंद होईपर्यंत आकसत नाही. म्हणून एका वेळी एकच फोटो घ्या आणि पान घरातल्या सगळ्यात स्वस्त अँड्रॉइडवर चालवून बघा. तुमच्या लॅपटॉपवरच्या यशाला इथे किंमत नाही.

गो भाषेतही वॅझम बनतं. पण तिची छोट्यात छोटी फाइल साधारण २ एमबीची होते आणि लायब्ऱ्या आल्या की १० एमबीच्या पुढे जाते. डॉटनेटचं ब्लेझर हे फ्रेमवर्क घेतलंत तर डॉटनेटचा रनटाइम सोबत येतो. कंपनीच्या आतल्या कामाला ते ठीक. गावाकडे दोन दांड्यांच्या नेटवर्कवर अर्ज भरणाऱ्या मुलासाठी नको.

कुठे चढवायचं

पहिल्यांदा करत असाल तर गिटहब पेजेस. सार्वजनिक रेपॉझिटरी असेल तर एक रुपयाही नाही, कार्ड मागत नाहीत, एचटीटीपीएस सोबत मिळतं. साइट १ जीबीपर्यंत, महिन्याला १०० जीबी वाहतूक. तुमचं सगळं पान दाबून अर्ध्या एमबीत बसलं तर १०० जीबीत दोन लाख वेळा उघडेल. तेवढे लोक आले तर पुढची चिंता आनंदाने करा. रेपॉझिटरी खासगी ठेवायची असेल तर पेजेससाठी महिना ४ डॉलरची योजना घ्यावी लागते. ऑनलाइन दुकान किंवा पैसे घेऊन चालवायची सेवा इथे चालत नाही, नियमातच नाही म्हटलंय.

चढवल्यावर कोरं पान दिसलं तर कारण बहुतेक या चारांपैकी एक असतं. वॅझम-पॅक आपल्या पीकेजी फोल्डरमध्ये स्वतःची गिटइग्नोर फाइल टाकतं, त्यामुळे तयार झालेली वॅझम फाइल गिटहबवर पोहोचतच नाही; ती फाइल काढा. दुसरं, पेजेसवर तुमचा प्रकल्प उपफोल्डरमध्ये असतो, म्हणून तिरप्या रेषेने सुरू होणारे पत्ते चुकतात. तिसरं, विंडोजला फाइलच्या नावातली मोठी-लहान इंग्रजी अक्षरं सारखीच वाटतात, सर्व्हरला नाही. चौथं ब्लेझरवाल्यांसाठी: अंडरस्कोरने सुरू होणारे फोल्डर पेजेस गाळतं, त्यावर उपाय म्हणजे डॉट-नोजेकिल (.nojekyll) नावाची रिकामी फाइल. यातलं काहीच नसेल तर दहा मिनिटं थांबा. पेजेसची कॅशे तेवढी असते.

क्लाउडफ्लेअर पेजेस हा दुसरा चांगला पर्याय. स्थिर फाइलींच्या वाहतुकीला मर्यादा नाही, महिन्याला ५०० बिल्ड फुकट, एक फाइल २५ एमबीच्या आत हवी. पुढेमागे थ्रेड वापरायचे असतील तर सरळ इथेच या. त्यासाठी दोन खास हेडर पाठवावे लागतात आणि गिटहब पेजेस ते पाठवू देत नाही.

फायरबेस होस्टिंगची मोफत योजना दिवसाला ३६० एमबी देते. अर्ध्या एमबीच्या पानाच्या ७२० भेटींत ती संपली. अर्जाच्या शेवटच्या तारखेला तुमचं पान दुपारीच बंद पडेल. व्हर्सेलची मोफत योजना फक्त वैयक्तिक, बिनधंद्याच्या वापरासाठी आहे. जाहिराती लावल्यात की ती तुमच्यासाठी नाही.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर या कामासाठी जाऊ नका. खातं उघडतानाच पैसे भरायची सोय जोडावी लागते आणि मशीन घेतलंत तर नुसत्या सार्वजनिक आयपी पत्त्याचे तासाला अर्धा सेंट लागतात. महिन्याला ते साधारण ३ डॉलर ६५ सेंट होतात, पान कुणी उघडो न उघडो. बजेट अलर्ट लावला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो फक्त ईमेल पाठवतो, मीटर थांबवत नाही.

ओळखीच्या दुकानातून घेतलेलं शेअर्ड होस्टिंग आधीच असेल तर ते चालेल. त्यांना एवढंच विचारा: डॉट वॅझम फाइल योग्य माइम प्रकाराने जाते का, आणि ती दाबून पाठवली जाते का? एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट असतं.

डोमेनच्या नावाने

स्वतःचं नाव घेणं ऐच्छिक आहे. घ्यायचंच असेल तर पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, दुसऱ्याचा बघा. डॉटकॉमचा रजिस्ट्रीचा घाऊक दरच सप्टेंबर २०२४ पासून १० डॉलर २६ सेंट आहे, म्हणजे नऊशे रुपयांच्या आसपास. मग ९९ रुपयांत देणारा तोटा कुठून भरून काढणार? नूतनीकरणातून, आणि पैसे भरायच्या पानावर आधीच टिक करून ठेवलेल्या गोष्टींतून: गोपनीयता संरक्षण, ईमेल, वेबसाइट बिल्डर, एसएसएल. त्या टिक काढून टाका. गोपनीयता संरक्षण फुकट देणारे विक्रेते आहेत. दाखवलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी धरा आणि वर्षाला बाराशे ते पंधराशे बाजूला ठेवा.

डॉटकॉम घेतल्यावर पडताळणीचा ईमेल येतो. १५ दिवसांत त्यातल्या दुव्यावर क्लिक केलं नाही तर डोमेन बंद पाडतात. ईमेल स्पॅममध्येही शोधा. डीएनएस बदलल्यावर एचटीटीपीएस सुरू व्हायला एक दिवस लागू शकतो, तेव्हा उद्घाटनाच्या आदल्या रात्री हे करू नका. मुदत टळून गेल्यावर डोमेन सोडवायला नेहमीच्या किमतीच्या कितीतरी पट दंड लागतो.

कार्डावर दिसणारे आणि न दिसणारे पैसे

परदेशी सेवेच्या १,००० रुपयांच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागला की झाले १,१८०. त्यावर बँकेचा ३.५ टक्के परकीय चलन आकार, आणि त्या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. खात्यातून जातात सुमारे १,२२९. तुमच्याकडे जीएसटी क्रमांक असेल तर तो पहिलं बिल निघण्याआधी खात्यात भरा. मग कर रिव्हर्स चार्जने तुमच्याकडे येतो. त्याचं काय करायचं ते सीएला विचारा.

दरमहा आपोआप कापून घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ई-मँडेट लागतं. ज्या परदेशी सेवांकडे ही सोय नाही, तिथे पैसे गुपचूप अडकतात आणि सेवा बंद होते. वार्षिक योजना घेऊन एकदाच ओटीपी टाकणं सोयीचं.

सगळ्यात महाग चूक वेगळीच आहे. एखाद्या सशुल्क एपीआयची चावी वॅझम फाइलमध्ये ठेवली तर ती लपली, असं अनेकांना वाटतं. लपत नाही. फाइल जशीच्या तशी प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये जाते आणि आतला मजकूर काढणं मिनिटभराचं काम आहे. बिल मात्र तुमच्या नावावर येतं.

प्ले स्टोअरवर टाकायचा मोह झाला तर गूगलची नोंदणी एकदाच २५ डॉलर, वर ओळखपत्र. नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ॲपल वर्षाला ९९ डॉलर घेतं. आपल्या फोटोच्या पानाला दोन्हींची गरज नाही. मॅनिफेस्ट फाइल आणि आयकॉन जोडा, लोक ते पान थेट होम स्क्रीनवर ठेवू शकतात.

दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर

कोटेशनमध्ये "सर्व्हर खर्च, दरमहा" असं कलम दिसलं की थांबा आणि कुठला सर्व्हर, कशासाठी, हे लेखी विचारा. फोटो ब्राउझरमध्येच लहान होणार असेल तर दरमहा सर्व्हर नको. वार्षिक देखभालीचा करार मागत असतील तर त्यात नेमकं काय करणार ते लिहून घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी पान तुमच्या फोनवर चालवून बघा, इंटरनेट बंद करून फोटो लहान होतो का तेही. एकदा उघडलेलं पान नेटशिवाय काम करत नसेल तर फोटो कुठेतरी बाहेर जात असण्याची शक्यता आहे.

गिटहब खातं आणि डोमेन पहिल्या दिवसापासून तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच नावावर हवं. करून देणाऱ्याला कोलॅबरेटर म्हणून जोडा, मालक म्हणून नको. "नंतर ट्रान्सफर करून देतो" हे ऐकून घेऊ नका. ॲडव्हान्स द्यायच्या आधी दोन्ही खात्यांत तुम्ही स्वतः लॉगिन करून बघा.