साथीचे दिवस आणि घरातील साठा

वडगाव हा विणकरांचा भाग. कित्येक घरांत माग व संसार एकाच छपराखाली. २५ मार्च २०२० रोजी कोरोनामुळे टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा ऐपत असलेल्यांनी पोती भरून ठेवली. मागणी अशी एकदम वाढली की भाव चढतात, हे वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात. पण रोजची मजुरी थांबलेल्या विणकराने मग काय घ्यावे? माझ्या मते पंधरा दिवसांचे धान्य, नेहमीची औषधे व साबण पुरेत. या विषाणूवरचे स्निग्ध वेष्टन साध्या साबणानेही फुटते. मात्र हात वीस सेकंद चोळावेत. रोग मुख्यतः श्वासातून पसरतो. म्हणून आजाऱ्याला निराळी खोली नसल्यास खिडक्या उघड्या ठेवाव्यात, घरातही तिहेरी मुखपट्टी बांधावी. कापडाला वडगावात तोटा नाही!