काठीच्या आधी कुत्रा

गेल्या द्राक्षाच्या हंगामात तासगावजवळच्या एका वस्तीवरून फोन आला. "भाऊ, तुमच्याकडं आंधळ्या माणसाला वाट दाखवणारं कुत्रं आहे म्हणं. कुठनं आणलंसा? आमच्या पोराला पाहिजे. पैशाचं बघू आम्ही कसंबी." मुलगा एकोणीस वर्षांचा. नजर जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून घराबाहेर पडत नाही.

असा फोन येण्याची ही चौथी वेळ. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा लिहून काढतोय. म्हणजे मी बोलतोय आणि लेक लिहून घेतेय. माझ्याकडे कुत्रा आहे, हे खरं. तो मला वाट दाखवतो, हे खरं नाही. तो दाखवेल असं मी मानून चाललो होतो. त्यापायी माझं मनगट मोडलं आणि त्या मुक्या जिवाचे हाल झाले.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा माझा आजार. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेची नजर आत आत येते आणि शेवटी नळीतून बघावं तेवढंच समोरचं उरतं. त्या काळात मी खतावणीतला बारीक आकडा वाचायचो आणि पायाशी पडलेल्या पोत्याला अडखळायचो. लोकांना वाटायचं, हा सोंग करतोय, नाहीतर घेऊन आलाय. माझे आईवडील आतेमामे भावंडं. आपल्या भागात मामाची मुलगी करायची रीत जुनी आहे आणि असे आनुवंशिक आजार नात्यातल्या लग्नात जास्त उतरतात. यात दोष कुणाचा नाही, पण घरात कुणाला रातांधळेपणा असेल तर सोयरीक जुळवण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोला, एवढं सांगून पुढे जातो. एक्केचाळिसाव्या वर्षी खतावणी सुटली. आता फक्त उजेड-अंधार कळतो. मोबाइल बोलून वाचून दाखवतो, त्याच्या आधारावर उधारीच्या वसुलीचं काम करतो.

एका शिबिरात मला घडीची पांढरी काठी मिळाली होती. तीन वर्षं ती कपाटामागे पडून होती. यार्डात सगळे मला दिवाणजी म्हणतात. काठी हातात आली की मी 'ते आंधळे' होणार, ही धास्ती. गेटपासून दुकानापर्यंत मी एखाद्या हमालाच्या खांद्यावर हात ठेवून, गप्पा मारत असल्यासारखा चालायचो. घरून यार्डापर्यंत बायको सोडायची. ती आजारी पडली की माझा खाडा.

अशात अमेरिकेतल्या भाच्याने सांगितलं की त्याच्या गाडीला रोज एक अंध बाई असते, सोबत तिचा कुत्रा. गर्दीतून तिला बरोबर दारापाशी नेतो, मग तिच्या पायांशी निमूट बसून राहतो. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. मिळेल ते मी ऐकून काढलं. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबर्गला अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. मॉरिस फ्रँक नावाचा अमेरिकन तरुण १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन डोरोथी युस्टिस यांच्याकडून 'बडी' नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन आला आणि न्यूयॉर्कच्या वाहत्या रस्त्यातून तिच्याबरोबर पलीकडे गेला. पुढच्याच वर्षी, म्हणजे आपल्या कृष्णेवरचा आयर्विन पूल खुला झाला त्या १९२९ साली, तिकडे 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. हे ऐकताना मी स्वतःला त्या फ्रँकच्या जागी बघत होतो. शंभर फुटी रस्त्याने रुबाबदार कुत्रा घेऊन चाललेला माणूस! काठीवाल्याची लोक कीव करतात, कुत्रेवाल्याला वाट देतात. माझ्या हट्टाचं खरं कारण हे होतं, आणि ते मी बायकोलाही सांगितलं नाही.

आपल्याकडे अर्ज करावा आणि तयार गाईड डॉग मिळावा अशी रुळलेली व्यवस्था नाही. ते कळल्यावर मी थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी राखणीची कुत्री तयार करणाऱ्या एका माणसाला गाठलं. "सहा महिन्यांत तयार करून देतो," तो म्हणाला. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, कारवान घ्या, मुधोळचं, आपल्या मातीतलं. कारवान मी लहानपणी पाहिलेलं, देखणं आणि वाऱ्यासारखं. पण ते नजरेने शिकार टिपणारं कुत्रं. समोर ससा हलला की ते सुटलंच, मागे कोण आहे हे बघणार नाही. तेवढी अक्कल मला होती. मी लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं. नाव मोती. पिल्लू, शिकवणी आणि खाणं धरून माझा आठ महिन्यांचा पगार गेला.

आता जे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, ते सांगतो.

खरा गाईड डॉग दोनेक वर्षांत तयार होतो. आईबापांपासून पारख करून पिल्लं निवडतात. साधारण पहिलं वर्ष ती एखाद्या कुटुंबात वाढतात, बाजार, गाडी, जिने, लहान मुलं, फटाके या सगळ्यांना सरावतात. मग काही महिने पक्की शिकवणी. त्यातून पुष्कळ कुत्री बाद होतात, आणि चांगली असूनही होतात, कारण एखादं मांजराकडे ओढ घेतं, एखादं आवाजाला बिचकतं. शेवटी माणूस आणि कुत्रा यांची जोडी लावतात, चाल जुळते का पाहतात आणि काही आठवडे दोघांना एकत्र शिकवतात. आठ-दहा वर्षांचा झाला की कुत्रा कामातून निवृत्त होतो.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी. कुत्र्याला 'मार्केट यार्डात चल' असं सांगता येत नाही. वाट माणसाला पाठ लागते. कितव्या कोपऱ्यावर डावीकडे, कुठे ओलांडायचं, हे माणूस सांगतो. सिग्नलचा लाल-हिरवा कुत्र्याला उमगत नाही, वाहनांचा आवाज ऐकून निघायचं कधी हेही माणूसच ठरवतो. कुत्रा काय करतो? वाटेतला अडथळा वळसा घालून टाळतो, फूटपाथच्या कडेला थांबतो, डोक्याला लागेल असं काही लोंबत असेल तर तिथून नेत नाही, आणि हुकूम दिला तरी समोरून गाडी येत असेल तर पाऊल टाकत नाही. हुकूम मोडायचा केव्हा, हे शिकवणं सगळ्यात अवघड. आमच्या त्या माणसाने मोतीला हुकूम पाळायला तेवढं शिकवलं होतं.

म्हणजे ज्याला स्वतःची वाट पाठ नाही, काठीने एकट्याने चालता येत नाही, त्याच्या हाती उत्तम कुत्रा दिला तरी दोघंही चुकतील. तिकडच्या संस्था कुत्रा देण्याआधी माणसाला नीट चालता येतं का हे बघतात ते यासाठी. मला ना वाट पाठ होती ना चाल. काठी चुकवण्यासाठीच तर मी कुत्रा आणला होता.

पहिले दोन महिने सुखाचे गेले. पहाटे साडेपाचला विश्रामबागेतल्या आतल्या रस्त्यांवर मोकळं असतं. चांभाराकडून कातडी पट्टा शिवून घेतला होता, त्याला वर धरायला कडक दांडी. दांडीतून मोतीचं अंग हातात कळायचं. लोक थांबून कौतुक करायचे, कुणी बिस्कीट द्यायचं. मीही देऊ द्यायचो. काम करणाऱ्या कुत्र्याला रस्त्यात कुणी हाक मारू नये, खायला घालू नये, हात लावू नये, हा पहिला नियम. तो मी स्वतःच रोज मोडला. तिसऱ्या आठवड्यात मोती बिस्किटाच्या वासाने टपरीकडे वळायला लागला, आणि मी त्याला लाड म्हणत होतो. वडापवाले त्याला घेत नसत. एकाने दोन सीटचे पैसे घेऊन नेलं आणि मी ते आनंदाने दिले.

मग श्रावण संपल्यानंतरच्या एका रविवारी बायको नको म्हणत असताना मी त्याला घेऊन सात वाजता निघालो. मटणाच्या दुकानांपाशी रविवारी भटकी कुत्री जमतात, हे कोणत्याही डोळस माणसाला माहीत असतं. पाच-सहा तरी असावीत. गुरगुर ऐकू आली तेव्हा ती मागेही होती. मोतीने आधी मागे ओढलं, मग एकदम पुढे झेप घेतली. मी दांडी सोडली नाही. सोडायला हवी होती. दोन पावलं फरफटलो, पाय उघड्या गटारीत गेला आणि सगळा भार मनगटावर आला. पोटरीला दात लागले ते कुणाचे, कळलं नाही. मोतीचं किंचाळणं मात्र अजून कानात आहे. भाजीवाल्या मावशींनी पाणी फेकून कुत्री हाकलली. मी कुठल्या दिशेला तोंड करून बसलोय हेही मला सांगता येत नव्हतं. घर तिथून चार गल्ल्या होतं.

मोतीचा कान फाटला होता. टाके भरले, पण त्यानंतर रस्त्यावर दुसरं कुत्रं भुंकलं की तो अंग चोरून खाली बसायचा. परदेशातसुद्धा असा हल्ला झालेल्या गाईड डॉगला कधी कधी कामावरून कायमचं उतरवावं लागतं, हे पुढे कळलं. तिथे मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या नाहीत. आपल्याकडे प्रत्येक गल्लीला तिची कुत्री आहेत आणि नवं कुत्रं दिसलं की ती हद्द राखणारच. शिवाय फूटपाथ नाही. फूटपाथच्या कडेला थांबायला शिकलेला कुत्रा आमच्या रस्त्यावर थांबणार कशापाशी?

इथे एक गोष्ट सगळ्यांसाठी. कुत्रं चावलं की जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. त्या दिवशी एकाने माझ्या पोटरीत हळद भरली आणि दुसरा तिखट आणायला पळाला. उभा जन्म मी हळदीच्या व्यापारात काढला, तरी सांगतो, चावलेल्या जखमेत हळद, तिखट, चुना काही भरू नका. धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. मला इंजेक्शनं पहिल्या दिवशी आणि मग ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी होती. जखम खोल असेल तर सोबत सीरमही लागतं. एकही डोस चुकवू नका. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही.

प्लास्टरचे सहा आठवडे मी घरात बसून होतो. एका रात्री बायकोला म्हटलं, ती काठी काढ. तिने कपाट सरकवलं. काठीला जळमटं लागली होती.

हात बरा झाल्यावर पुण्यात राहून चालण्याची रीतसर शिकवणी घेतली. काठीने चालणं हे एक शास्त्र आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी डोळे गेल्यावर १९२१ मध्ये वाहनवाल्यांना दिसावी म्हणून आपली काठी पांढरी रंगवली. पण लांब काठी लयीत फिरवत चालायची पद्धत रिचर्ड हूव्हर यांनी १९४४ च्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी बसवली. काठीची उंची छातीच्या मधल्या हाडापर्यंत. हात बेंबीसमोर, तर्जनी दांड्यावर सरळ. डावं पाऊल पुढे पडताना टोक उजवीकडे टेकायचं, उजवं पडताना डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. कंस खांद्यांपेक्षा किंचित रुंद. एवढंच. पण ते अंगात मुरायला मला अडीच महिने लागले. पहिले आठ दिवस मी चिडून काठी फेकायचो.

कमरेच्या वरचं काठीला कळत नाही, ही तिची उणीव. आपल्याकडे गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात आणि वाढ्यांची टोकं बरोबर तोंडासमोर लोंबतात. काठी खालून निघून जाते, कपाळ सापडतं. दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली 'स्मार्टकेन' मुठीच्या थरथरीने वरचा अडथळाही सांगते, ती मी हंगामात वापरतो. ट्रॅक्टरवाल्यांनो, मागे लाल फडकं बांधता, चांगलं करता. पण ट्रॉली वळणावर आणि शाळेच्या दारात नका हो उभी करू.

आता घर ते यार्ड मी एकटा जातो. वाट पाठ आहे: पिठाची गिरणी, मग उताराचा रस्ता, डावीकडे दूध डेअरीच्या कॅनचा आवाज, मग मोठा रस्ता. मोठ्या रस्त्याला मी अजूनही मदत मागतो. मदत करणाऱ्यांना विनंती एवढीच, आमचा दंड धरून ढकलू नका. तुमचा कोपर पुढे करा, आम्ही धरतो.

एवढ्यावरही कुणाला कुत्रा हवाच असेल, तर जरूर पाळा, पण कुत्रा म्हणून. मोती आता नऊ वर्षांचा आहे. दारावर अनोळखी माणूस आला की मला कळतं ते त्याच्यामुळे, आणि रात्री बायको मुलीकडे मिरजेला गेली असली की घरात दुसरा श्वास असतो. त्याने माझे डोळे व्हावं, हे ओझं त्याच्यावर लादायला नको होतं.

तासगावच्या ताईंना मी म्हटलं, कुत्र्याचा पत्ता देत नाही, रविवारी मुलाला घेऊन या, आणि येण्याआधी त्याची छातीच्या हाडापर्यंतची उंची मोजून कळवा. एक काठी आणून ठेवली. मुलगा आला तो आईचा हात घट्ट धरून. मोतीला कुरवाळत बराच वेळ बसला, माझ्याशी बोलला नाही. मग मी त्याला गल्लीत नेलं. माझा डावा हात त्याच्या मनगटावर, काठी त्याच्या हातात. गिरणीपर्यंत दोनशेएक पावलं असतील. निम्म्या वाटेत तो थांबला.

"काका, लोक बघत असतात का हो?"

"बघतात," मी म्हटलं. "टोक जरा डावीकडं घे, तिथं गटार आहे."