यंत्र निवडताना

(प्रत्येक यंत्र चांगलेच असते, पण ते प्रत्येक ठिकाणी चांगले असतेच असे नाही. अमेरिकेतील गवत कापण्याच्या दोन यंत्रांची तुलना करून यंत्र कसे निवडावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, गवत कापायचे म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर विळा येतो. अमेरिकेत मात्र चित्र वेगळे आहे. तेथे शहराबाहेरच्या अनेक घरांभोवती एक-दोन एकर हिरवळ असते. एक एकर म्हणजे आपले ४० गुंठे. गवत जोमाने वाढते त्या दिवसांत ही हिरवळ दर आठवड्याला कापावी लागते. एवढे काम विळ्याने कसे होणार?

गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी तयार केले. १८३० साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. कापडगिरणीत लोकरी कापडावरचे तंतू कापणारे यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. ते यंत्र हाताने ढकलावे लागे. पुढे इंजिन आले आणि मग बसून चालवता येईल असे यंत्रही आले. आज मोठी हिरवळ असलेल्या माणसापुढे दोन प्रकारची यंत्रे असतात. त्यांतले कोणते घ्यावे?

पहिला प्रकार छोट्या ट्रॅक्टरसारखा दिसतो. इंजिन बहुधा पुढे असते. हातात गोल स्टिअरिंग असते. ते फिरवले की पुढची चाके वळतात आणि मागची चाके यंत्राला ढकलतात. गवत कापणारी पाती यंत्राच्या पोटाखाली फिरतात. मोटार चालवणाऱ्याला हे यंत्र लवकर जमते.

दुसऱ्या प्रकाराला 'झीरो-टर्न' म्हणतात. हे यंत्र जागच्या जागी वळते, म्हणून त्याला हे नाव मिळाले. अमेरिकेतील कॅन्सस व मिझुरी या राज्यांत अशी यंत्रे तयार होऊ लागली. त्याचे इंजिन मागे असते. बहुतेक यंत्रांना स्टिअरिंग नसते. त्याऐवजी दोन दांडे असतात. डावा दांडा मागच्या डाव्या चाकासाठी आणि उजवा दांडा मागच्या उजव्या चाकासाठी. दोन्ही दांडे पुढे ढकलले की यंत्र पुढे जाते. दोन्ही मागे ओढले की ते मागे येते. एक पुढे आणि एक मागे केला, की यंत्र भोवऱ्यासारखे जागीच फिरते.

हे कसे घडते? चाकांच्या खुर्चीवर बसलेला माणूस कसा वळतो, ते आठवा. तो एक चाक पुढे फिरवतो आणि दुसरे मागे फिरवतो. खुर्ची जागच्या जागी वळते. झीरो-टर्नचे तत्त्व हेच आहे. त्याची पुढची दोन छोटी चाके फक्त भार उचलतात. मागची चाके नेतील तिकडे ती मुकाट्याने वळतात.

या गुणामुळे वेळ वाचतो. झाडाभोवती किंवा फुलांच्या वाफ्याभोवती साधे यंत्र नेले, तर थोडे गवत शिल्लक राहते. मग यंत्र मागे घ्यावे लागते आणि पुन्हा पुढे न्यावे लागते. झीरो-टर्न झाडाला वळसा घालून निघून जाते. शिवाय त्याचा वेगही जास्त असतो. आपण हिशेब करून पाहू. समजा, दोन्ही यंत्रे ३.५ फूट रुंदीचा पट्टा कापतात. साधे यंत्र ताशी ४ मैल, म्हणजे २१,१२० फूट चालले. ३.५ ने गुणले, तर ७३,९२० चौरस फूट होतात. एक एकर ४३,५६० चौरस फुटांचा. म्हणजे तासाला सुमारे १.७ एकर झाले. झीरो-टर्न ताशी ६ मैल वेगाने चालले, तर याच हिशेबाने तासाला सुमारे अडीच एकर होतात. वळण्यात जाणारा वेळ आपण येथे धरलेलाच नाही.

मग सर्वांनी झीरो-टर्नच घ्यावे का? नाही. एवढा हिशेब करून थांबणारा माणूस फसतो, कारण त्याने गवत पाहिले, पण जमीन पाहिली नाही.

जमीन उताराची असेल तर काय होते, ते नीट समजून घ्या. झीरो-टर्नची दिशा आणि वेग, दोन्ही मागच्या दोन चाकांवर अवलंबून असतात. ओल्या गवतावर ती चाके घसरली, तर वळणेही हातात राहत नाही आणि थांबणेही हातात राहत नाही. पुढची चाके मदतीला येत नाहीत, कारण त्यांना स्वतःची दिशाच नसते. यंत्र उताराच्या बाजूला ओढले जाते. खाली तळे किंवा दगडी बांध असेल, तर माणसाच्या जिवावर बेतते. साध्या यंत्राची पुढची चाके निदान चालकाच्या हातात असतात. परंतु तेही उलटू शकते. म्हणून बहुतेक उत्पादक १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर यंत्र नेण्यास मनाई करतात. चार फूट आडव्या अंतरात सुमारे एक फूट चढ, म्हणजे १५ अंशांचा उतार समजा.

आणखीही काही गोष्टी पाहाव्या लागतात. झीरो-टर्नची किंमत सहसा जास्त असते. साधे यंत्र मागे छोटी गाडी जोडून माती किंवा पालापाचोळा वाहू शकते. काही यंत्रांना हिवाळ्यात बर्फ सारण्याचे पातेही लावता येते. ज्याला ही कामे करायची आहेत, त्याला वेगापेक्षा हे उपयोग मोलाचे वाटतील.

आता दोन घरांची कल्पना करा. एक घर कॅन्ससच्या सपाट जमिनीवर आहे. त्याच्याभोवती दोन एकर हिरवळ आणि वीस झाडे आहेत. दुसरे घर वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात आहे. त्याची हिरवळ ओढ्याकडे उतरते. पहिल्या घराला झीरो-टर्न शोभेल. दुसऱ्या घराने साधे यंत्र घ्यावे, सौम्य उतारावर ते सरळ वर-खाली चालवावे आणि ओढ्याजवळचे गवत हातयंत्राने कापावे. शेजाऱ्याकडे झीरो-टर्न आहे म्हणून आपल्याकडेही हवे, असा हट्ट येथे महागात पडेल.

यंत्र कोणतेही असो, एक नियम दोन्हींना लागू आहे. फिरत्या पात्याजवळ मुलांनी जाऊ नये. चालकाने लाडाने मुलाला मांडीवर घेऊ नये. यंत्र मागे घेण्यापूर्वी त्याने मान वळवून पाहावे. सोळा वर्षांखालील मुलांनी बसून चालवायचे यंत्र चालवू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

मित्रांनो, असे यंत्र तुम्ही कदाचित कधीच विकत घेणार नाही. पण उद्या घरात पाण्याचा पंप, शिलाई यंत्र किंवा दुचाकी घ्यायची वेळ येईल. तेव्हा घरचे लोक तुमचे मत विचारतील. त्या वेळी चार प्रश्न क्रमाने विचारा. काम काय आहे? जागा कशी आहे? धोका कोणता आहे? खर्च किती आहे? वेगाचा आणि दिमाखाचा विचार त्यानंतर करा.

शब्दार्थ
हिरवळ – गवताने झाकलेली मोकळी जागा
वाफा – रोपे लावण्यासाठी केलेली जागा, क्यारी
उतार – ढलान
मनाई – बंदी
दिमाख – डौल, शान

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बडिंग यांना यंत्राची कल्पना कशी सुचली?
(आ) झीरो-टर्न चालवताना कशाचा उपयोग करतात?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) झाडे जास्त असतील तेथे झीरो-टर्न सोयीचे असते.
(आ) ओल्या उतारावर झीरो-टर्न धोक्याचे असते.
प्र. ३. भाषाभ्यास : उर्दूत दोनच लिंगे आहेत. मराठीत नपुंसकलिंगही आहे. उर्दूत 'घास' स्त्रीलिंगी आणि 'पहिया' पुल्लिंगी आहे. मराठीत 'ते गवत', 'ते चाक' असे म्हणतात. पाठातून असे आणखी पाच नपुंसकलिंगी शब्द शोधा.
उपक्रम : तुमच्या घरातील एका यंत्राविषयी वरील चार प्रश्न घरातील मोठ्यांना विचारा आणि त्यांची उत्तरे वहीत लिहा.