चार बाय आठचं घर: हिवाळ्यात बांधायचा हलका ट्रेलर

सह्याद्रीत भटकंतीचा मोसम रंगात येतो, नेमका तेव्हा मिनेसोटातला संपतो. ऑक्टोबर सरता सरता इथल्या बहुतेक कँपग्राउंडचे नळ बंद होतात, पुढे तळी गोठतात आणि तंबू माळ्यावर जातो. बर्फात तंबू ठोकणारे आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण लहान मुलं घेऊन निघणाऱ्या घराचा तो मार्ग नव्हे. पुण्या-मुंबईहून इथे येऊन रुजलेल्या भटक्यांना मी एकच सुचवतो: डिसेंबर ते मार्च हे महिने गॅरेजला द्या आणि मे उजाडेपर्यंत गाडीमागे जोडता येईल असा हलका ट्रेलर स्वतःच्या हातांनी बांधा.

राजगडाच्या पद्मावती मंदिरात किंवा हरिश्चंद्रगडाच्या गुहेत पाठ टेकलेल्या माणसाला ही चैन वाटेल. पण सुपिरियर सरोवराच्या काठावर मे महिन्यातही रात्री पारा शून्याजवळ रेंगाळतो, जून लागला की डास पिच्छा सोडत नाहीत, आणि उन्हाळ्यात भारतातून आईवडील आलेले असतात. दुखऱ्या गुडघ्यांनी जमिनीवरच्या गादीवरून उठणं किती जड जातं, हे ज्याने पाहिलंय त्याला ट्रेलरची किंमत समजावून सांगावी लागत नाही. यातली गादी जमिनीपासून सुमारे दोन फुटांवर असते. दाराशी टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं.

आकार ठरवण्यात डोकं शिणवू नका. अमेरिकेत प्लायवूडची फळी चार फूट बाय आठ फूट मिळते आणि त्याच मापात दोन माणसं झोपतात. पाण्याच्या थेंबासारखा आकार असलेले टेअरड्रॉप ट्रेलर १९३० च्या दशकापासून घरोघरी बांधले जाताहेत. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने सप्टेंबर १९४७ च्या अंकात त्याचे आराखडे छापले, आणि आजचे हौशी बांधकामवालेही साधारण त्याच मापांभोवती फिरतात. पुढे झोपायची जागा, मागे वर उघडणाऱ्या झाकणाखाली स्वयंपाकाचा ओटा. उभं राहता येईल अशा उंचीचा मोह अनेकांना होतो. त्याआधी गॅरेजच्या दाराची उंची मोजा. बहुतेक घरांत ती सात फूट असते. बांधलेला ट्रेलर त्यातून बाहेर निघायला हवा.

आता वजन. हा सगळा खटाटोप वजनासाठीच आहे. इथल्या छोट्या एसयूव्हींपैकी बऱ्याच जणींची ओढण्याची मर्यादा १,५०० पौंड असते, काही हायब्रिड गाड्यांची त्याहूनही कमी. गाडीच्या पुस्तिकेत तुमच्याच मॉडेलचा आकडा बघा. शेजाऱ्याच्या त्याच नावाच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो. त्या मर्यादेच्या दोन तृतीयांशावर थांबावं असं माझं मत आहे, म्हणजे उतारावर ब्रेक दाबताना जीव मुठीत धरावा लागत नाही. पाऊण इंच जाडीच्या प्लायवूडची एक फळी साठ-सत्तर पौंड भरते. त्याच मापाची, दोन इंच जाडीची एक्सपीएस फोमची पाटी जेमतेम आठ-नऊ पौंड. घराच्या पायाला बाहेरून लावतात ती ही गुलाबी किंवा निळी पाटी, आणि तिचा उष्णतारोध इंचामागे आर-५, म्हणजे दोन इंचांना आर-१०. लाकडाला हे जमत नाही. खालचा चाकांचा तयार सांगाडा धरूनही फोमचा डबा साधारण ५०० ते ७०० पौंडांत बसतो.

फोमचा डबा उभा राहतो तो कॅनव्हासच्या जोरावर. रंगारी जमिनीवर अंथरतात ते जाडं सुती कापड आणायचं, धुऊन इस्त्री करायची, फोमला बारीक भोकं पाडून त्यावर पाणी घातलेला लाकडाचा गोंद रोलरने फासायचा, कापड ताणून बसवायचं आणि वरून पुन्हा गोंद पाजायचा. वाळताना कापड आवळतं आणि फोमला घट्ट कातडी येते. त्यावर बाहेरच्या भिंतींचा लेटेक्स रंग: पहिला हात पातळ, मग दोन-तीन जाड. छतावरचं कापड भिंतीवर किमान दोन इंच उतरलं पाहिजे, म्हणजे सांध्यावर पाणी थांबत नाही. फायबरग्लासचा हट्ट असेल तर इपॉक्सीच वापरा. पॉलिस्टर रेझिन लावलं तर त्यातलं स्टायरिन फोमला विरघळवून टाकतं. सॉल्व्हंटवर बनलेला काँटॅक्ट सिमेंटही तेच करतो. कुठलंही नवं चिकटद्रव्य आधी फोमच्या तुकड्यावर लावून रात्रभर ठेवावं.

हिवाळ्यात या कामाचा क्रम गोंद ठरवतो. टाइटबाँड २ या गोंदाला किमान ५५ फॅरनहाइट, म्हणजे १३ अंश सेल्सिअस हवेत. टाइटबाँड ३ ला ४७ फॅरनहाइट, सुमारे ८ अंश. त्याखाली गोंद वाळतो पण पांढरा, खडूसारखा भुसभुशीत होतो आणि सांधा हाताने उकलतो. हे तापमान हवेचं, गोंदाचं आणि ज्याला तो लावायचा त्या वस्तूचंही असावं लागतं. जानेवारीत मिनियापोलिसच्या उघड्या गॅरेजमध्ये ते शक्यच नाही. म्हणून कामाचे दोन भाग पाडा. थंडीला हरकत नाही अशी कामं गॅरेजमध्ये: सांगाडा जोडणं, बोल्ट आवळणं, चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरणं, लाकूड कापणं, भिंतींचा आकार आखून फोम कापणं. ऊब मागणारी कामं, म्हणजे चिकटवणं, कापड चढवणं, रंग, ही एकेका पाटीवर तळघरात उरकावीत किंवा मार्चअखेरीस गॅरेजमध्ये. तळघरात कामाला लागण्याआधी जिन्याचं वळण मोजा. सुटी पाटी वर जाते, जोडलेला डबा जात नाही.

तळघर नसेल तर गॅरेजमध्येच छोटी उबदार खोली करता येते. जाड पॉलिथिनचा तंबू बांधा, पाटी जमिनीवर न ठेवता सुताराच्या घोडीवर ठेवा, कारण काँक्रीटची जमीन गारवा सोडत नाही, आणि आत तेलाचा विजेवर चालणारा रेडिएटर लावा. फोम पटकन तापतो, तरी थर्मामीटर पाटीलाच टेकवून ठेवा. गोंद लावल्यावर पुढचे चोवीस तास ऊब टिकली पाहिजे. संध्याकाळी हीटर बंद करून झोपायला जाणं म्हणजे दिवसभराची मेहनत वाया घालवणं. १,५०० वॅटचा हीटर साडेबारा अँपिअर ओढतो, त्यामुळे त्याच पंधरा अँपिअरच्या सर्किटवर करवत लावली की फ्यूज उडणार. करवतीला वेगळ्या सर्किटवरून वायर घ्या. गोंदाची बाटली रात्री घरात आणा.

इथे मला कळकळीने सांगायचंय. बंद गॅरेजमध्ये प्रोपेन किंवा केरोसीनचा हीटर लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि अमेरिकेत दर हिवाळ्यात त्याने माणसं दगावतात. शिवाय असा हीटर वाफ सोडतो आणि गोंद वाळायला वेळ लागतो. एक्सपीएस फोम पेटतो आणि जळताना विषारी धूर करतो, म्हणून उघड्या ज्योतीजवळ त्याचं काम करू नका. स्वयंपाकाचा ओटा ट्रेलरच्या मागे आणि बाहेर असतो तो याचसाठी. गॅसची शेगडी आत कधीही पेटवू नये. गॅरेजच्या भिंतीपलीकडे निजायची खोली असेल तर तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, ट्रेलरमध्येही एक हवा.

फोम स्क्रू धरत नाही. त्यामुळे बिजागऱ्या, कुलपं, खिडक्या, दिवे आणि छतावरचा पंखा कुठे येणार हे कापड चढवण्याआधी कागदावर पक्कं करा आणि त्या जागी फोम कोरून लाकडाचे ठोकळे बसवा. फोमचे सांधे पॉलियुरेथेन गोंदाने जोडायचे. हा गोंद ओलाव्यावर पिकतो आणि हिवाळ्यात घरातली हवा कोरडीठाक असते, म्हणून सांध्याच्या एका बाजूवर आधी पाण्याचा हलका फवारा मारावा. छताची कमान करायला पाटीला आतल्या बाजूने इंच-दीड इंचावर उभ्या चिरा द्या, वाकवा आणि चिरांत तोच गोंद भरा. दारासाठी कापलेला तुकडा टाकू नका, तोच दार होतो. कोरड्या हवेत आकसलेलं लाकूड जुलैच्या दमटपणात फुगतं, तेव्हा दाराभोवती पाव इंचाची फट ठेवून ती रबरी पट्टीने बुजवा.

छतावर चौदा इंच बाय चौदा इंचाचा झरोका ठेवा, हे माप बाजारात सहज मिळतं. दोन माणसांच्या श्वासाने रात्रभरात भिंतींना घाम फुटतो. वरून हवा बाहेर जायची तर खाली खिडकीची फट उघडी लागते.

विजेचं काम सोपं आहे, पण थंडीत एक पथ्य आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी असते म्हणून मी तीच सुचवतो, मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. आतल्या आत कायमची खराब होते. हिवाळाभर ती घरात ठेवा. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा. मागच्या दिव्यांच्या चार तारांत पांढरी ग्राउंडची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या इंडिकेटर-ब्रेकची आणि हिरवी उजव्याची. पांढरी तार सांगाड्याच्या भरवशावर न ठेवता प्रत्येक दिव्यापर्यंत न्या. इथे रस्त्यावर मीठ पसरतात, त्याने सांगाडा गंजतो, आणि दिवे नेमके पावसात दगा देतात.

तयार सांगाडा विकत घ्यावा असं माझं ठाम मत आहे. वेल्डिंग येत असलं तरी. त्याच्यासोबत उत्पादकाचा दाखला आणि व्हीआयएन क्रमांक येतो, त्यामुळे नोंदणी सुरळीत होते. सांगाडा स्वतः बांधला की अनेक राज्यांत तपासणी आणि राज्याकडून क्रमांक मिळवणं असा फेरा पडतो. प्रत्येक राज्याचा नियम निराळा, म्हणून पहिली फळी कापण्याआधी तुमच्या वाहन विभागात विचारा आणि सगळ्या पावत्या जपून ठेवा.

महाराष्ट्रात हे वाचून कुणाचे हात शिवशिवत असतील त्यांच्यासाठी: मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे नोंदणी लागणारं वेगळं वाहन आहे. आरटीओत विचारल्याशिवाय खर्चात पडू नका. फोम आणि कॅनव्हासचं तंत्र मात्र तिथेही कामाचं आहे. गाडीच्या डिकीत बसणारा हलका, गारवा टिकवणारा खाऊचा पेटारा त्यातून सुरेख होतो.

डबा सांगाड्यावर चढला की तोल बघायचा. हिचच्या बॉलवर पडणारा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. कमी पडला तर महामार्गावर ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि गाडीला सोबत ओढतो. चाकांना पाचर लावा, ट्रेलर समपातळीत आणा आणि दांड्याखाली हिचच्या उंचीचा ठोकळा ठेवून तो न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर टेकवा. हे सगळं सामान भरून करायचं. मागच्या ओट्यात शेगडी, भांडी, बर्फाचा पेटारा गेला की दांडा हलका होतो. पाच गॅलन पाण्याचं कॅन ४२ पौंडांचं असतं, ते आणि बॅटरी पुढे ठेवा. एकूण वजन ट्रकच्या थांब्यावरच्या काट्यावर करून घ्या. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखाली फुलीत अडकवा, म्हणजे कपलर निसटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर विसावतो.

बाहेरचे नळ उघडले की पाण्याची नळी छतावर निदान अर्धा तास धरा आणि आत कुणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. मग रिकाम्या पार्किंगमध्ये मागे घेण्याचा सराव. स्टीअरिंगचा तळ धरून हात ज्या बाजूला न्याल, ट्रेलरचं शेपूट त्याच बाजूला जातं.

पहिला मुक्काम घराजवळ करा. मिनियापोलिसकरांना सेंट क्रॉय नदीवरचं विल्यम ओब्रायन स्टेट पार्क तासाभराच्या आत आहे. काही विसरलं तर परत येता येतं. घरून निघाल्यावर दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांवर चाकांचे नट पुन्हा आवळा, आणि थांबाल तिथे चाकाच्या मध्याजवळ हात नेऊन पाहा. ते हाताला सोसवत नसेल तर बेअरिंग बघायची वेळ झाली. त्यानंतर डुलुथवरून हायवे ६१ धरून गूजबेरी फॉल्स आणि टेटागूशकडे निघा. शनिवार-रविवारच्या जागा पटकन भरतात, आरक्षण रंगाचे हात चालू असतानाच करून ठेवा. सरपण मात्र घरून नेऊ नका. ॲशच्या झाडांना मारणारा किडा लाकडातून पसरतो, तेव्हा ते मुक्कामाच्या गावीच विकत घ्या.