स्वमग्न प्रौढांचा स्वयंरोजगार : व्यवसाय कोणाच्या नावे?
दिल्लीत १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू झाली, तेव्हा प्रश्न प्रामुख्याने मुलांच्या निदानाचा व शिक्षणाचा होता. ती मुले आता प्रौढ आहेत. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिची दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने स्वयंरोजगारासाठी सवलतीच्या कर्जयोजना आखण्याचे दायित्व शासनावर टाकले.

कागदी पिशव्या, मेणबत्त्या किंवा बिस्किटे बनविण्याचे कौशल्य प्रशिक्षणाने साध्य होते. अडते ते त्यापुढे. कर्ज, करार व बँक खाते कोणाच्या नावे? बहुतेक पालकांना ते स्वतःच्या नावे ठेवणे सोयीचे वाटते. ही काळजी समजण्याजोगी आहे. पण त्यामुळे मुलगा स्वतःच्याच व्यवसायात मदतनीस ठरतो. वस्तुतः २०१६ च्या अधिनियमाचे कलम १३ आर्थिक व्यवहारांवरील नियंत्रणाचा व कर्ज मिळविण्याचा समान हक्क देते. कलम १४ नुसार मर्यादित पालकत्वातही निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच घ्यावयाचा असतो.

मग आधार कोणता द्यावा? हिशेबाला विश्वासू सोबती, लेखी सूचना, गोंगाट नसलेली जागा आणि पाटीवर लिहिलेला एकच भाव. घासाघीस अनेकांना असह्य होते. सही मात्र त्याचीच असावी.