आठ टेराबाइटांची जोखीम

भिवंडी तालुक्यातील आगरी लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या व्यावसायिकाला साठवणुकीची विवंचना किती असते, हे ज्याने तेथील हळदीची एक रात्र पाहिली आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. कारण सायंकाळी मांडवात सुरू झालेला तो सोहळा उत्तररात्रीपर्यंत रंगतो, आणि सेकंदाला 100 मेगाबिट या गतीने फोर-के चित्रण केल्यास तासाला सुमारे 45 जीबी डेटा साचतो. टेराबाइटमागे दर कमी पडतो या हिशेबाने मी 8 टेराबाइटची हार्डडिस्क घेतली, आणि अनेक हंगामांचे मूळ चित्रण तिच्यात एकवटले. संपादित फिती अन्यत्र होत्या. मूळ चित्रण मात्र तेवढ्या एकाच ठिकाणी होते.

एका पावसाळ्यात ती टकटक वाजू लागली आणि संगणकाने तिला ओळखणे सोडले. फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगणारे तिचे हेड पृष्ठभागाला घासले होते. हमीची मुदत शिल्लक असल्याने कंपनीने विनातक्रार नवी डिस्क दिली, परंतु ती रिकामी. हमी वस्तूची असते, आतील ऐवजाची नसते. मुंबईत धूलिरहित कक्षात डिस्क उघडून डेटा काढणाऱ्यांनी सांगितलेला मोबदला डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होता, आणि तोही यशाच्या शाश्वतीवाचून. काही भाग हाती लागला. जे गेले त्यात एका वृद्ध धवलारिणीने मांडवात बसून गायिलेले धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, होते. यजमानांच्या इच्छेनुसार अंतिम फितीत धवल्यांच्या जागी बँडची गाणी घातली होती, आणि ती बाई तोवर निवर्तली होती. पैशाची भरपाई पुढच्या हंगामात होते. या हानीला खतावणीत रकानाच नाही.

म्हणून नव्या व्यावसायिकांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, मोठ्या डिस्कची किंमत पहिल्या दिवसापासून दुप्पट धरावी, आणि ती परवडत नसेल तर निम्म्या क्षमतेच्या दोन घ्याव्यात. दोन्ही शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या असाव्यात, कारण एकाच घाण्यातील दोषही सामाईक असू शकतो. नवी डिस्क कामाला लावण्यापूर्वी पूर्ण भरून परत वाचून पाहावी. अविश्वसनीय स्वस्त दराने विकल्या जाणाऱ्या अनेक डिस्कांत प्रत्यक्ष जागा थोडीच असते, आणि बनावट फर्मवेअर जुन्यावर नवे लिहीत जाते. काळाचाही हिशेब ठेवावा: एक डिस्क गेल्यावर सेकंदाला 150 एमबी या गतीने 8 टेराबाइटची नक्कल उतरवायला सुमारे पंधरा तास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या एकमेव प्रतीवर सर्व भार असतो; म्हणून ऐन लग्नसराईत वीज खेळ करीत असताना यूपीएसशिवाय हे काम आरंभू नये. रेडची, म्हणजे एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहिण्याची, तजवीज उपयुक्त खरी, परंतु चुकून पुसलेली फाइल ती दोन्हीकडून पुसते. दोन प्रती एकाच छपराखाली ठेवणेही व्यर्थ, कारण 26 जुलै 2005 रोजी कामवारी नदीचे पाणी ज्यांच्या घरांत शिरले त्यांच्या कपाटातले खण निवडून भिजले नाहीत. माझी दुसरी प्रत आता कल्याणला मेहुण्याकडे असते.

आणि जेथे जेथे धवले गायिले जातात, तेथील अखंड ध्वनिमुद्रण मी संपादनाची वाट न पाहता वेगळ्या पेनड्राइव्हवर त्या कुटुंबाच्या स्वाधीन करतो व पोचपावती घेतो.