सेंद्रिय अर्धवाहक आणि छातीवरचा बिल्ला

१९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात माझे मामा काही वर्षे कंत्राटी कामावर होते. ते म्हणत, "आत जाताना छातीला बिल्ला लावायचा. किती किरणं अंगावर घेतली ते त्यात उमटतं. पण ते आपल्याला दिसत नाही." त्या बिल्ल्यातल्या चकत्या मुदतीनंतर प्रयोगशाळेत तापवतात, तेव्हा पडणाऱ्या प्रकाशावरून मात्रा ठरते. तत्क्षणी आकडा सांगणारी उपकरणेही असतात. पण बिल्ल्याइतका स्वस्त आणि आकडाही सांगणारा असा काही पदार्थ असेल काय, या शोधात मी सेंद्रिय अर्धवाहकांपर्यंत आलो. मी कला शाखेचा. चुकल्यास जाणकारांनी कान धरावा.

येथे 'सेंद्रिय' म्हणजे शेणखत नव्हे, तर कार्बनची संयुगे. ती वीज वाहत नाहीत असा समज होता. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनी पॉलिअॅसिटिलिनला आयोडीन देऊन तो खोटा ठरविला. त्यांना २००० चे नोबेल मिळाले. १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी पॉलीथायोफीनचा क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर केला.

हा ट्रान्झिस्टर समजायला आपली वैतरणा खाडी पुरे. ओहोटीला होडी चिखलात रुतते. चंद्र पाण्याला न शिवता भरती आणतो आणि होडी पलीकडे जाते. ट्रान्झिस्टरमधले 'द्वार' हा तो चंद्र. मध्ये विद्युतरोधक थर असल्याने ते अर्धवाहकाला शिवत नाही, केवळ दाबाने विद्युतभार ओढून घेते. मग दोन टोकांमध्ये प्रवाह वाहतो. सिलिकॉनच्या स्फटिकात भार सरळ धावतात. सेंद्रिय पदार्थात ते एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारतात, म्हणून गती फार कमी. मात्र हा पदार्थ विरघळवून शाईसारखा प्लॅस्टिकवर पसरता येतो.

मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. व्ही. रामगोपाल राव यांच्या गटाने २००९ मध्ये पॉलीथायोफीनच्या जातीच्या बहुवारिकावर किरणोत्सर्गाचा मारा करून पाहिला. मारा वाढे तशी वीजवहनक्षमता वाढली. म्हणजे चकती तापवण्याची गरज नाही, प्रवाह मोजला की झाले!

अडचण इथेच आहे. हवेतला प्राणवायू आणि ओलावाही हा प्रवाह बदलतात. जूनपासून आमच्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटते. त्या हवेत वाढलेला प्रवाह किरणांचा की पावसाचा, हे मामांच्या छातीवरच्या बिल्ल्याने कसे ओळखावे? वर घट्ट आवरण घालावे लागेल, आणि त्याच्या शेजारी किरणांपासून झाकलेला दुसरा जोडीदार ठेवून दोघांतला फरक मोजावा लागेल. मग तो बिल्ला कितीसा स्वस्त राहील?